जाड बाईने कॉटन शिवू नये म्हणे!

शिवणक्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मोठ्या मापाच्या नवशिक्यांनी कॉटन टाळावं, जॉर्जेट घ्यावं, अंग झाकतं.’ झाकणं राहू दे, आधी शिवून तर झालं पाहिजे! जॉर्जेट कात्रीखालून सरकतं, उभा धागा हलतो आणि मग कुर्ता एका बाजूला लोंबतो. कॉटन कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन (दोन्ही साध्या, दाट विणीची सुती कापडं) जागच्या जागी राहतं, खडूची खूण दिसते, उसवलं तरी सहसा भोकं राहत नाहीत. कॉटन फुगतं म्हणाल, तर फुगतं ते खळ असलेलं, कडक कॉटन. मऊ कॅम्ब्रिक अंगावर नीट पडतं. लायक्राच्या, म्हणजे ताणणाऱ्या कापडाच्या, नादी पहिल्याच कपड्याला लागू नका. साधे टाके ताणून तुटतात.

खरी अडचण पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची, तिच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. नितंबाचं माप ४८ इंच धरा. सैलपणाचे ४ मिळवून ५२, निम्मे २६, दोन्हीकडची माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) धरून एक पल्ला, म्हणजे कुर्त्याची पुढची किंवा मागची बाजू, २८ इंच. ४४ इंची पन्ह्यात दोन पल्ले शेजारी बसतच नाहीत, एकाखाली एक बेतावे लागतात. ४२ इंच लांबीच्या कुर्त्याला सव्वादोन मीटर तरी त्यातच जातं, बाह्या वेगळ्या. ५८ इंची पन्ह्यात तेच पल्ले शेजारी-शेजारी बसतात. म्हणून पुण्यात रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडला भावाआधी पन्हा विचारा.

आणि कापड बेतण्याआधी भिजवा. कॉटन आटतं, मोठ्या मापात ते मुंढ्याला (बाही जोडतात तिथे) लगेच काचतं.