हा तर मरीयेचा मुलगा

गेल्या बुधवारी आमच्या घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे मंडळीची घरगुती प्रार्थनासभा होती. प्रार्थनेला धाकटा भाऊ उभा राहिला आणि डोळे मिटायचे सोडून मी त्याच्या हातांकडे पाहत बसले. हात थरथरताहेत का, तेवढंच बघायचं होतं मला. दारू सोडून त्याला ४ वर्षं झाली आहेत. मीटिंग संपल्यावर आई म्हणाली, "किती मनापासून मागितलं गं त्याने!" मी नुसतं "हं" म्हटलं. त्याने काय मागितलं, ते मी ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय डोक्यातून जात नाही. येशू आपल्या गावी, नासरेथात येतो, शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात शिकवतो. लोक आधी थक्क होतात आणि लगेच ओळख काढतात. हा सुतारच ना? मरीयेचा मुलगा? याकोब, योसे, यहूदा, शिमोन याचेच भाऊ ना? यातलं काहीच खोटं नव्हतं. सगळं खरं ठाऊक होतं, आणि तेच आड आलं. थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं, याखेरीज तिथे त्याला काही महत्कृत्य करता आलं नाही. मार्क 'केलं नाही' म्हणत नाही, 'करता आलं नाही' म्हणतो. हे वाचताना मला दरवेळी धस्स होतं.

"नासरेथातून काही चांगलं निघेल का?" म्हणणारा नथनेल तरी कुठला? गालीलातल्या कानाचा, म्हणजे त्याच पंचक्रोशीतला! त्याला येशूविषयी सांगणाऱ्या फिलिप्प या शिष्याने वाद घातला नाही, "येऊन पाहा" म्हणाला. आणि नथनेल उठून येशूकडे गेला, याचं मला फार मोल वाटतं.

येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात तसं सरळ लिहून ठेवलंय. त्यांतलाच याकोब पुढे यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा आधारस्तंभ झाला. एका घरात वाढलेल्या माणसाकडे नव्याने पाहणं त्याला जमलं.

देवाने आपल्याला कसं बदललं याची परगावच्या पाहुण्याने साक्ष दिली की आम्ही पदर डोळ्यांना लावतो, "ख्रिस्तात नवी उत्पत्ती" म्हणतो. घरातला माणूस उभा राहिला की मात्र जुनी उधारीची वही उघडतो. सवय म्हणून हे सोडून द्यावं असं मला वाटत नाही. मी त्याला पाप म्हणते, आणि ते माझ्या हातून झालं.

काल त्याला फोन केला. म्हटलं, "येत्या बुधवारी वचन तू सांग." बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच विचारलं, "ताई, अध्याय कोणता घेऊ?"