३०० क्लास फ्लँजबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आम्ही बनवलेलं प्रेशर व्हेसल (दाब सोसणारी टाकी) ठरल्या तारखेला पोहोचलं नाही, आपली माणसं खोळंबली, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण "१५० क्लासचा साधा फ्लँज चालला असता, बिल फुगवायला ३०० क्लास मारला" हे आपल्या रिव्ह्यूतलं वाक्य फार लागलं. (फ्लँज म्हणजे पाइप बोल्टनं जोडायची होलांची चकती, आणि क्लास म्हणजे ती किती दाब घेते त्याची श्रेणी.) बेळगावच्या उद्यमबागेतलं आमचं शॉप लहान आहे. इथं कामं ओळखीवर येतात, आणि असं वाक्य वाचून पुढचा माणूस चौकशीलाही येणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याच कन्सल्टंटच्या डेटाशीटवर डिझाइन प्रेशर १४ बार आहे आणि टेंपरेचर २०० डिग्री. फ्लँजचं मटेरियल ए १०५, म्हणजे कार्बन स्टील. आपण नेटवर पाहिलेला १९.६ बार हा १५० क्लासचा आकडा खरा आहे, पण तो ३८ डिग्रीपर्यंतचा. स्टील तापलं की रेटिंग, म्हणजे किती दाब चालेल तो आकडा, उतरतं. फ्लँजच्या एएसएमई बी १६.५ या स्टँडर्डच्या तक्त्यात तोच फ्लँज १०० डिग्रीला १७.७ बारवर येतो, १५० ला १५.८ वर आणि २०० ला १३.८ वर. आपल्याला हवेत १४.

"पॉइंट दोननं काय होतंय?" असं आपण फोनवर विचारलंत. साहेब, नेमप्लेटवर १४ बार पंच करायचं आणि नोझल (टाकीला पाइप जोडायचं तोंड) १३.८ चं लावायचं, हे आमच्याकडून होणार नाही. १५० च्या वरचा क्लास थेट ३०० चा. तो २०० डिग्रीला ४३.८ बार घेतो. गरजेपेक्षा बराच जास्त आहे, पण या दोन्हींच्या मधे स्टँडर्डमध्ये काहीच नाही. आणि १५० क्लास म्हणजे १५० पीएसआय दाब असंही नसतं, ते नुसतं क्लासचं नाव आहे. डिझाइन प्रेशर १३.५ करून कन्सल्टंटची सही आणा, आम्ही १५० क्लास लावतो, असं ड्रॉइंग पाठवतानाच मेलमध्ये लिहिलं होतं. ड्रॉइंग अप्रूव्हलचा शिक्का मारून परत आलं, त्यात प्रत्येक नोझलपुढे ३०० लिहिलेलं आहे. मग बिल फुगवलं कुणी?

आता "होलच जुळत नाहीत" याबद्दल. आपल्या जुन्या लाइनवरचा ३ इंची व्हॉल्व्ह १५० क्लासचा आहे. त्याला ४ होल, पीसीडी (होलांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १५२.४ मिलिमीटर. आमच्या फ्लँजला ८ होल, पीसीडी १६८.३. ते जुळणारच नाहीत, समोर ३०० क्लासचाच काउंटर फ्लँज (जोडीचा फ्लँज) लागतो. आपल्या फिटरनं एक फोन केला असता तर तासाभरात सांगितलं असतं. त्याऐवजी त्यानं गॅस कटर चालवला. आपणच टाकलेल्या फोटोत दिसतंय, आमच्या दोन-दोन होलांच्या मधे चार वेडीवाकडी भोकं जाळून पाडली आहेत आणि गॅस्केट बसते त्या फेसवर छर्रे चिकटलेत. तो फेस आमच्या पोरानं लेथवर किती निगुतीनं साफ केला होता! तो फोटो "यांचं काम बघा" म्हणून लावलेला पाहून शॉपमध्ये दिवसभर कुणी धड बोललं नाही.

उशिराचं कारणही लिहायला हवं. शेलवर (टाकीच्या अंगावर) २ इंची आउटलेटचं होल मारून झाल्यावर आपला निरोप आला की पंप मोठा घेतोय, ताशी १५ घनमीटरचा. २ इंचाच्या शेड्यूल ८० (जाड भिंतीच्या) पाइपात त्याचा वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास जातो, पंपाच्या सक्शनला (ओढणाऱ्या बाजूला) तो फार झाला. ३ इंचात तो १ मीटरवर येतो, म्हणून ३ इंच करा असं आम्हीच सुचवलं. पण होल मोठं झालं की कापल्या गेलेल्या पत्र्याची भरपाई पुन्हा काढावी लागते, होलाभोवती जोडायचा पॅड नवा कापावा लागतो, ड्रॉइंग पुन्हा सहीला जातं. ते आपल्याकडे बरेच दिवस पडून होतं. गणपतीत कामगार गायब होते असं आपण लिहिलंय. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे अख्ख्या बेळगावला ठाऊक आहे, आणि ती सुट्टी ऑर्डर घेतानाच सांगितली होती.

यापुढे काउंटर फ्लँजची ओळ कोटेशनमध्ये ठळक घालू, बाकीही काही सुधारणा करतोच आहोत.

एक कळकळीची विनंती. जाळून होल पाडलेल्या त्या फ्लँजवर कृपा करून प्रेशर घेऊ नका. बिलाचं नंतर बघू. व्हेसल शॉपला पाठवा, फ्लँज बदलून १८.२ बारला पुन्हा हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) घेऊ, आपला माणूस समोर उभा राहू दे. आणि लाइनवरचा तो १५० चा व्हॉल्व्हही कन्सल्टंटला दाखवा, त्यालाही २०० डिग्रीच सोसायचे आहेत.