परदेशी बसून सौर अनुदान हमखास घालवण्याचे खात्रीशीर उपाय

गेल्या आठवड्यात आणखी एक अर्ज परत आला आणि त्यापाठोपाठ परदेशातून नेहमीचा व्हॉइस मेसेज आला : "इंडियात साधी एक गोष्ट सरळ होत नाही. तुम्ही लोक तिथे करता तरी काय?" खरं आहे. आम्ही इथे काहीच करत नाही. घरपट्टी आपली आपण भरली जाते, गच्चीवरची टाकी आपली आपण धुतली जाते आणि लाइट बिलाचा फोटो आपसूक निघून तुमच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडतो. तेव्हा या रिकामपणाचा सदुपयोग म्हणून, ज्यांचं घर महाराष्ट्रात आणि बिऱ्हाड न्यू जर्सी, दुबई नाहीतर मेलबर्नला आहे अशा तमाम मालकांसाठी हे मार्गदर्शन. गच्चीवर सौर पॅनेल लावण्यासाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून ७८,००० रुपये मिळतात. पुढे दहा किलोवॅट लावलेत तरी तेवढेच. ही रक्कम चुकूनही पदरात पडू नये यासाठी काय काय करावं, ते सांगतो.

सुरुवात नागरिकत्वापासून. योजनेची अट एका ओळीची आहे : अर्जदार भारतीय नागरिक असावा. ही ओळ वाचायची नाही. तुम्ही भारतीय पासपोर्टवर दुबईत वीस वर्षं नोकरी करत असाल, तर "एनआरआयला मिळत नाही म्हणे" असं कुठल्याशा लग्नात ऐकलेलं प्रमाण मानून अर्जच करू नका. तुम्ही नागरिकच आहात, राहता कुठे हा वेगळा प्रश्न, पण ते कशाला कोण सांगेल. उलट अमेरिकेची शपथ घेऊन झालेली असेल आणि खिशात ओसीआय कार्ड असेल, तर बेधडक अर्ज करा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं, की स्वखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा, दुहेरी नागरिकत्व नव्हे. पण कपाटात जुनं आधार कार्ड आहे ना? मग झालं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असा कायदा असला तरी त्याला तुम्ही 'टेक्निकॅलिटी' म्हणू शकता. सरकार त्याला खोटं निवेदन म्हणतं. अनुदानाशिवाय, स्वतःच्या डॉलरांतून पॅनेल लावायला कोणी अडवत नाही. पण त्यात मजा नाही.

पुण्यात फ्लॅट असेल तर सोसायटीला न विचारता अर्ज करावा. गच्ची तुमचीच आहे, असं बिल्डरने बुकिंगच्या दिवशी सांगितलंच होतं. (सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी वेगळं अनुदान आहे, किलोवॅटला १८,००० रुपये. ते मिळवायला सोसायटीच्या मीटिंगला यावं लागतं, ऑनलाइन का होईना. म्हणून कंसात टाकलं.)

मोबाइल नंबर वेंडरचा, म्हणजे पॅनेल बसवून देणाऱ्याचा द्या. पोर्टलवर नोंदणी होते ती मोबाइलवर आलेल्या ओटीपीने, आणि तुमचं भारतातलं सिम रिचार्ज न केल्यामुळे कधीच दुसऱ्या कोणाचं झालेलं असतं. आधारलाही तोच नंबर जोडलेला. तेव्हा वेंडर "साहेब, माझाच टाकतो, तुम्हाला त्रास नको" म्हणाला की मान डोलवा. मग तुमच्या अर्जाचं लॉगिन त्याच्या हातात, तक्रार नोंदवायची तर ओटीपी त्याच्याच फोनवर, आणि पाच वर्षांच्या देखभालीची जी हमी त्याने द्यायची आहे, ती त्याने दिली नाही हे सांगायलाही त्याचीच परवानगी लागते. छान सोय आहे.

पॅनेल स्वस्तातली घ्या. अनुदानाला डीसीआर पॅनेल लागतात, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेली. ती महाग पडतात. कोटेशनमध्ये नुसतं 'मोनो पर्क, ५४० वॅट' लिहून आलं की 'डीसीआर आहेत का' हा प्रश्न विचारून वेंडरचा अपमान करू नका. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक पोर्टलवर चढवावा लागतो आणि तो तिथे तपासला जातो. तपासात पॅनेल नापास झाली तेव्हा ती गच्चीवर नटबोल्टांनी पक्की झालेली असतात आणि पैसे चुकते झालेले असतात. अनुदान आधी वजा होऊन मिळत नाही. सगळी रक्कम तुम्ही वेंडरला द्यायची, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसायचा, तपासणी व्हायची, पोर्टलवर कमिशनिंग सर्टिफिकेट निघायचं, मग खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक टाकायचा आणि त्यानंतर पैसे यायचे. हा क्रम तुम्हाला माहीत नसेल तर उत्तम. पोस्टडेटेड चेकने काम होईल असं वेंडरला सुचवून पाहा.

बँक खातं जुनंच चालू द्या. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचं असतं, हे बँकेला कळवणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्यावर पाय देणं.

वीज कंपनी मुद्दाम अडवते, ही तक्रार मात्र सतत करत राहा. २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या प्रकल्पांना तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचं ठरलं, ही बातमी तुमच्यापर्यंत पोचू देऊ नका.

आता मुख्य उपाय. हा एकटा केलात तरी बाकीच्यांची गरज नाही. लाइट बिलावरचं नाव अजिबात बदलू नका.

बिल आजोबांच्या नावावर आहे ना? राहू द्या. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, पण वीज कंपनीच्या दप्तरी ते नियमित बिल भरणारे आदर्श ग्राहक आहेत. पोर्टलवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की नाव येतं ते त्यांचं. अर्ज त्या नावाचा, बँक खातंही त्याच नावाचं हवं. आजोबांचं आधार नाही, खातं नाही, मोबाइल तर नाहीच. अर्ज परत येतो. मग तुमचा व्हॉइस मेसेज येतो. मग इथला कोणीतरी पुतण्या, भाचा, शेजारी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात जातो आणि तिथला कारकून त्याला सांगतो ते सगळं सोपं असतं : मृत्यूचा दाखला, घराचा कागद (प्रॉपर्टी कार्ड किंवा घरपट्टीचा उतारा), वारसांची संमती, थकबाकी शून्य. फी किरकोळ. अडतं ते तिसऱ्या कागदावर. कारण वारसांत तुमची बहीण असते.

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगा आणि मुलगी सारख्याच वाट्याचे वारस. बहिणीची सही मागायला तुम्ही स्वतः फोन करत नाही. ते काम पुतण्याचं. तुमची स्वतःची सही हवी तर तुम्ही पीडीएफवर बोटाने रेघोटी मारून पाठवता. मुखत्यारपत्र असं होत नाही. ते भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करावं लागतं, किंवा तिथल्या नोटरीकडून करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का, घ्यावं लागतं. मूळ कागद कुरिअरने यावा लागतो. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नाहीतर इथल्या टेबलावर तो रद्दीचा कागद. हे तिसऱ्यांदा लिहून पाठवलं की तुमचं उत्तर येतं, "वकिलातीची अपॉइंटमेंट मिळत नाही रे, काहीतरी ॲडजस्ट कर ना."

काय ॲडजस्ट करायचं? आजोबांना?

आणि हे सगळं कशासाठी, तर बिल तुमच्याच नावावर हवं म्हणून. त्या घरात तुम्ही राहत नाही. आई राहते. ती भारतीय नागरिक आहे, तिचं आधार तिच्या हातातल्या फोनला जोडलेलं आहे, तिचं खातं चौकातल्या बँकेत आहे, पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं, आणि वीज जाळते तीच. वारसाहक्काने घरात तिचा वाटा आहे. म्हणजे योजनेला जे जे हवं ते सगळं एका माणसाच्या ठायी, खालच्या मजल्यावर, खुर्चीत बसलेलं आहे. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते, तीही डोक्यावर आहे. चांगल्या उन्हात दिवसाला बाराएक युनिटं निघतात. ही बाई हिवाळ्यात गीझर दोन मिनिटं लावते आणि पाणी कोमट असतानाच बंद करते, बिल वाढेल म्हणून. पण बिल तिच्या नावावर करायचं नाही. का? "उद्या ताई हक्क सांगेल." अहो, ताईचा हक्क वडील गेले त्या दिवसापासून आहेच. आणि लाइट बिल हा मालकीचा पुरावाच नाही! नावबदलाने घर कोणाचं होत नाही आणि कोणाचं जात नाही. वीज कोण वापरतं आणि पैसे कोण भरतं, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. ही एवढी गोष्ट कळायला एमएस कशाला करावं लागतं?

असो. उपदेशाकडे वळू.

फोटो. प्रकल्प पूर्ण झाला की पॅनेलशेजारी ग्राहक उभा आहे असा, अक्षांश-रेखांशासह फोटो पोर्टलवर चढवायचा असतो. तुम्ही ह्यूस्टनला असाल तर तुमच्या ऐवजी भाचा उभा करा. तोंडवळा मिळतोच.

घर कायमचं बंद असेल तर मात्र पॅनेल जरूर लावा, अगदी स्वखर्चानेही. कुलूपबंद बंगल्यात महिन्याला जेमतेम पंधरा-वीस युनिटं जळतात, तिथे तीन किलोवॅटमधून तीनशेच्या वर युनिटं निघतील. उरलेली ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांत, जातील, पुढच्या महिन्यांत वळती होत राहतील, आणि ३१ मार्चला जी शिल्लक राहील ती वीज कंपनी घरगुती दरापेक्षा कितीतरी कमी दराने विकत घेईल. स्थिर आकार दर महिन्याला येतच राहील. 'शून्य बिल' फक्त फलकावर असतं. वाय-फायचा रिचार्ज संपला की ॲपवर आलेख थांबेल. पावसाळ्यात एसी बाजूचा एमसीबी पडला तर दिवाळीपर्यंत तो वर करायला कोणी नाही. कबुतरं एका पॅनेलच्या कोपऱ्यात घाण करतील, तेवढे सेल तापत राहतील आणि काच खालून करपल्यासारखी दिसेल. तीन अर्थिंग असतात, डीसीचं, एसीचं आणि आकाशातल्या विजेच्या रोधकाचं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी घालायचं असतं, ते कोण घालणार हे विचारू नका. आणि हो, "लाइट गेली तरी आपल्याकडे असेल" असं गावात सांगून ठेवा. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो, खांबावर काम करणारा वायरमन मरू नये म्हणून. बॅटरी लावलेली नसेल तर भर उन्हात पॅनेल असूनही घरात अंधार.

बास झाली थट्टा.

तुमच्या लक्षात येत नाही की आणता येत नाही, कोण जाणे. हे अनुदान ज्या घरात चूल पेटते त्या घराच्या बिलासाठी आहे. तुमच्या 'इंडियातल्या ॲसेट'वर चिकटवायचा तो स्टिकर नव्हे. दोन लाखांच्या आसपास खर्च तुमच्यासाठी फार नाही, ७८,००० तर अजिबात नाहीत. तरी त्या रकमेसाठी तुम्ही इथल्या माणसाला भर दुपारी टेबलाटेबलांवर फिरवता, आणि जी एक सही करायची ती करत नाही. सिस्टीमला शिव्या देणं सोपं आहे. सिस्टीम वाईट आहेच, पोर्टल अडकतं, नेट मीटर आठवडेच्या आठवडे येत नाही, वेंडर फोन उचलत नाहीत; ते आम्ही रोज भोगतो, आम्हाला सांगू नका. पण तुमचा अर्ज त्यातल्या कशानेही अडलेला नाही. तो तुमच्या घरातल्या भांडणाने अडला आहे आणि ते भांडण सोडवायचं कुठलंही बटण पोर्टलवर नाही.

डिसेंबरात येता ना? गोव्याचे चार दिवस कमी करा. आल्या आल्या बहिणीकडे जा, समोर बसून बोला, आईच्या नावाला तिची आणि तुमची संमती लिहून घ्या. मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीचा उतारा बरोबर घेऊन उपविभागीय कार्यालयात स्वतः रांगेत उभे राहा. नाव बदललं की आईच्या फोनवरून, आईच्या खात्याचा तपशील देऊन अर्ज करा, कोटेशनवर डीसीआर लिहून घ्या, आणि वेंडरला फोन तुमच्या खिशातून करा. योजनेची मंजूर मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, तेव्हा 'पुढच्या ट्रिपला बघू' म्हणू नका. आणि झेरॉक्सचे पैसे या वेळी तुम्ही द्या.