डाग गेला नाही म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलू नका

ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यातलं सायकल्स, म्हणजे सीनचं अंतिम चित्र काढणारं (रेंडर करणारं) इंजिन, शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "सायकल्समध्ये डाग, ठिपके, काळे पट्टे, काहीही आलं तरी सॅम्पल्स ४०९६ करा आणि डिनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारं साधन) लावा. तरी राहिलं तर तुमचं कार्ड कमी पडतंय." हे खरं मानून हप्त्यांवर कार्ड घेणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतेय.

"सॅम्पल्स वाढवा." सायकल्स दर पिक्सेलमागे रँडम दिशांना किरण, म्हणजेच सॅम्पल्स, सोडतं आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढतं. सरासरी अजून स्थिरावलेली नसते तेव्हा दाणे दिसतात, तो नॉइज. तो निम्मा करायला सॅम्पल्स चौपट लागतात. म्हणजे २५६ वरून ४०९६ वर गेलात तर वेळ जवळपास १६ पट आणि दाणे राहतात एक चतुर्थांश. दाण्यांसाठी हे ठीक. पण भिंतीवरच्या काळ्या पट्ट्याचा सरासरीशी काही संबंधच नसतो. सब घोडे बारा टक्के करून चालत नाही.

फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. डिनॉइझर बंद करा, सॅम्पलिंगखालचा सीडचा आकडा (किरणांच्या रँडम दिशा यावरून ठरतात) बदला आणि डागापुरता तुकडा पुन्हा रेंडर करा. ठिपक्यांनी जागा बदलली तर नॉइज. डाग तिथेच ठाण मांडून बसला तर चूक सीनमध्ये आहे.

एका फ्लॅटच्या हॉलचं काम करताना टीव्हीमागच्या भिंतीवर तिरपे काळे पट्टे येत होते. दोन रात्री मीही सॅम्पल्सच वाढवत बसले होते. शेवटी एडिट मोडमध्ये (जिथे वस्तूचा आकार दुरुस्त करता येतो) अगदी जवळ गेले तेव्हा दिसलं: वॉलपेपरसाठी घेतलेला प्लेन, म्हणजे सपाट पत्रा, आणि भिंत, दोन्ही तंतोतंत एकाच पातळीत. किरण नेमका कशावर आदळला हे ठरवताना दशांशांत गल्लत होते आणि एक पृष्ठभाग दुसऱ्यावर सावली पाडतो. प्लेन २ मिलिमीटर पुढे ओढला. पट्टे ६४ सॅम्पल्सलाच गेले.

अशी बरीच दुखणी आहेत. कमी फेसेसच्या (सपाट तुकड्यांच्या) गोल हंडीला स्मूथ शेडिंग देऊन ती गुळगुळीत भासवली की उजेड आणि सावलीच्या सीमेवर पायऱ्या दिसतात. तिथे सबडिव्हिजन वाढवून तुकडे बारीक करायचे किंवा ऑब्जेक्टच्या शेडिंगमधलं शेडो टर्मिनेटरचं (उजेड-सावलीच्या सीमेचं) सेटिंग वापरायचं. अल्फा टेक्श्चरच्या (पानाभोवतीचा भाग पारदर्शक असलेल्या चित्राच्या) पानांचं झाड आतून काळं पडत असेल तर लाइट पाथ्समधला ट्रान्सपरंट बाउन्सेसचा आकडा, म्हणजे किरण किती पारदर्शक थर ओलांडू शकतो ते, पाहा. तो मुळात ८ असतो, आणि घनदाट झाडात किरणाला त्याहून जास्त पानं ओलांडावी लागतात.

लख्ख पांढरे ठिपके, म्हणजे फायरफ्लाइज, सीड बदलला की जागा बदलतात, म्हणून ते नॉइजच. तरीही निव्वळ सॅम्पल्सनी ते लवकर जात नाहीत. एखादा किरण चकचकीत पृष्ठभागावरून उडून योगायोगाने छोट्या प्रखर दिव्यावर आदळतो आणि एकटाच सगळी सरासरी ओढून नेतो. किरण वाढवले की असे नवे योगायोगही सापडतात. इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळून आलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) १० वरून हळूहळू खाली आणा, फिल्टर ग्लॉसी (चकचकीत प्रतिबिंबं किंचित धूसर करणारं सेटिंग) थोडं वाढवा. कॉस्टिक्स (काचेतून किंवा चकचकीत पृष्ठभागावरून वळून पडणारा उजेड) बंद करताना मात्र जपून: खिडकीला ग्लास शेडर असेल तर त्यातून येणारा उजेड सायकल्सच्या लेखी कॉस्टिक्समध्येच मोडतो आणि खोली अंधारते. आतल्या दृश्यासाठी काच काढून टाकलेली बरी.

"डिनॉइझर लावा." डिनॉइझर दाणे पुसतो. सीनमधली चूक त्याला चूक वाटत नाही, चित्राचा भागच वाटतो. तो पट्टा आणखी स्वच्छ करून तुमच्या हातात देतो. शिवाय तपासणीआधीच लावला तर दाणे कुठे होते तेही कळत नाही.

"कार्ड कमी पडतंय." हे तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जास्त ताकदीचं कार्ड तेच चित्र लवकर काढतं, वेगळं काढत नाही. मेमरी अपुरी पडली तर रेंडर अडतो किंवा रेंगाळतो, भिंतीवर पट्टे उमटत नाहीत. तरी संशय जात नसेल तर पैसे भरण्याआधी डिव्हाइस सीपीयूवर (कार्डाऐवजी संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर) ठेवून तोच तुकडा काढा. वेळ लागेल, लागू द्या. पट्टा तिथेही तसाच उमटला तर कार्डाचा विषय संपला. एडिट मोड उघडा आणि त्या भिंतीजवळ जा.