बेस कॅम्प व्हाया सातवा मजला

काल संध्याकाळी आमच्याच इमारतीच्या जिन्यात, सातव्या मजल्यावर, मला दहा रुपये बक्षिसी मिळाली. मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मेंटेनन्स थकवणाऱ्यांना नोटिसा काढतो, पार्किंगच्या भांडणात निवाडे देतो. ती नोट अजून माझ्या ट्रॅकपँटच्या खिशात आहे आणि कालपासून बायकोनं ती चार वेळा बघायला मागितली आहे.

झालंय असं, की एप्रिलमध्ये मी आणि माझा मेव्हणा एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालोय. एव्हरेस्टवर नव्हे, पायथ्याशी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नातेवाइकांत अर्धीच बातमी पोचली आणि एका आत्यानं माझ्या विम्याचा वारस कोण ते विचारून घेतलं. लुकल्याला विमानानं उतरायचं आणि पुढे गावागावांतून चालत जायचं. फाकदिंग, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप. शेवटी ५,३६४ मीटर. तिथं एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं निम्माच प्राणवायू आत जातो. लुकल्यापासून निव्वळ चढ अडीच हजार मीटरचा. आमची इमारत अकरा मजली, मजला तीन मीटरचा धरला तर एक फेरी तेहतीस मीटर. म्हणजे शहात्तर फेऱ्यांत बेस कॅम्प. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं.

ट्रेक कंपनीचा जो मुलगा आमचा गट बघतो, तो फोनवर प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणतो आणि दर दोन वाक्यांनी 'या वयात'. त्यानं सांगितलं, रोज जिने चढा सर, पाठीवर आठ किलो घेऊन. घरात आठ किलोचं काय असतं? पाच किलोची कणकेची पिशवी, पाण्याची दोन लिटरची बाटली आणि किलोभर तूरडाळ. जमलं.

बाकी या सहलीच्या आखणीबद्दल मी न बोललेलंच बरं, पण बोलतो. चढायचा म्हणून घेतलेला हा ट्रेक उतारानं सुरू होतो. लुकला सुमारे २,८५० मीटरवर आणि पहिला मुक्काम फाकदिंगला, २,६१० वर. ५२७ मीटरच्या धावपट्टीवर, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर, अशा जागी जीव मुठीत धरून उतरायचं. एवढं करून मिळवलेली उंची त्याच दिवशी अडीचशे मीटरनं घालवायची. पुढे नामचेला 'विश्रांतीचा दिवस' आहे. त्या दिवशी काय करायचं? आणखी वर चढायचं आणि झोपायला परत खाली यायचं. शरीराला हवेची सवय व्हावी म्हणून. कारण शास्त्रीय आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टरही सांगतात. मला सगळं पटतं. पण मग त्याला विश्रांती म्हणू नका. रविवारी ऑफिसला बोलवायचं आणि हजेरीपटावर सुट्टी लिहायची, त्यातला प्रकार आहे हा.

गाइडवरून घरात वाद झाला. नेपाळनं १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना गाइड सक्तीचा केला. तारीख तसली असली तरी नियम खरा आहे. खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्याच भागातल्या, स्थानिक पालिकेनं मात्र तो फारसा मनावर घेतला नाही, हे मी घरी उत्साहानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "पालिकेचा नवरा नाही जाणारे." गाइड ठरला.

तर काल. पाचवी फेरी. पाठीवर कणीक, छातीवर पट्टा, कपाळावर हेडलॅम्प. जिन्यातले दिवे चालू होते, पण लॅम्पची सवय झालेली बरी. सातव्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. त्यांचं दार सताड उघडं आणि उंबऱ्याशी एक आजी मेथी निवडत बसलेल्या. पहिल्या चार फेऱ्या त्यांनी मला नुसतं बघितलं. वर जाताना बघितलं, खाली येताना बघितलं. पाचव्या फेरीला त्यांनी हातातली काडी ताटात ठेवली.

"काय रं, लिफट बंद पडली व्हय?"

"नाही आजी. चालू आहे."

"मग तुला बसू देत न्हाईत व्हय तीत?"

मी म्हणालो, "सराव, आजी." म्हणजे म्हणायला गेलो. धाप इतकी लागली होती की शब्दाचे दोन तुकडे झाले आणि त्यातलं 'सर' तेवढं त्यांच्यापर्यंत पोचलं.

"कोन सर? त्यो शेक्रेटरी व्हय? लई खडूस हाय म्हनं. आमचा पोरगा सांगत हुता. सामान वर आनलं तर लिफटीचं दीड हजार घेतलं मेल्यानं."

आता माणसानं या क्षणी काय करावं? ते पैसे मी घेतले नव्हते, सोसायटीनं घेतले होते. सर्वसाधारण सभेत ठराव झालेला आहे, सूचक आणि अनुमोदकासह. पण हे सांगायचं तर आधी मी कोण ते सांगावं लागणार. मी हेडलॅम्प बंद केला.

"बस वाईच," आजी म्हणाल्या. मी पायरीवर बसलो. आतून गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आलं. खरं सांगतो, त्या गुळासारखं एनर्जी बार नावाच्या त्या महाग चिकटगोळ्यात काही नाही. पाणी पिऊन होईतो आजींनी माझ्या सॅकची वरची दोरी सोडलेली होती.

"पीठ हाय की. कुनाचं पोचिवतोस?"

"माझंच आहे."

"जवारीचं?"

"गव्हाचं."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणून त्यांनी दोरी परत बांधली. मी विक्रीला आलो नव्हतो, तरी नाकारलं गेल्याचं थोडं वाईट वाटलंच. "आन् दिसाचं किती मिळत्यात तुला?"

मी ठरवलं की आता मोठं वाक्य बोलायचं. श्वास गोळा केला आणि सांगितलं, आजी, मला कोणी पैसे देत नाही, मीच पैसे भरून नेपाळात पंधरा दिवस चालायला जाणार आहे, त्याची ही तयारी.

"देवाला?"

"देव नाही. डोंगर आहे. जगातला सगळ्यात उंच."

"मग डोंगरावर जानार."

"वर नाही. पायथ्यापर्यंत."

"बरं. पायथ्यावरनं दिसत आसंल झ्याक."

इथं मला खोटं बोलता आलं असतं. पण एव्हरेस्टचं शिखर बेस कॅम्पवरून दिसतच नाही. मध्ये दुसरे डोंगर येतात. ते बघायचं तर गोरक्षेपहून काला पत्थर नावाचा वेगळा चढ चढायचा, साडेपाच हजार मीटरच्या वर. हे पैसे भरायच्या आधी मलाही माहीत नव्हतं. भरल्यानंतर एका रात्री कळलं आणि मी ते मेव्हण्यापासूनसुद्धा दोन दिवस लपवलं.

"नाही दिसत," मी म्हणालो.

आजींनी मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "म्हंजी पंढरपूरला जायचं, नामदेवाच्या पायरीवरनं माघारी फिरायचं, आन् कळस बी बगायचा न्हाई."

मी गप्प.

"आन् ह्ये वझं पंधरा दीस पाठीवर?"

"नाही नाही. तिकडे पोर्टर असतो. हमाल. मोठं सामान तो घेतो. दोघांत एक. वीस-पंचवीस किलो."

"तुजं वझं त्यो घेनार."

"हो."

"मग हितं तू का घेतलंस?"

वाचकहो, काल रात्रीपासून मी या प्रश्नावर विचार करतोय. पाठीवर आपली म्हणून तीन-चार किलोची छोटी पिशवी असतेच, दम वाढतो, गुडघे तयार होतात, सगळी उत्तरं आहेत. पण ती आजींच्या समोर, पायरीवर बसून, तोंडात गूळ असताना देण्याजोगी नाहीत.

"कसं घेतो त्यो? आसंच, छातीला पट्टं बांधून?" त्यांनी माझ्या तीन बकलांकडे बोट केलं.

"नाही. कपाळाला रुंद पट्टा लावतात आणि ओझं पाठीवर सोडतात. नाम्लो म्हणतात त्याला."

यावर आजी पहिल्यांदा खूश झाल्या. "हां! त्याला कळतंय. वझं मानंनं वाह्याचं आसतंय, खांद्यानं न्हवं. थांब." आणि त्या उठल्या, आत गेल्या, आणि जुन्या लुगड्याचा एक पट्टा घेऊन बाहेर आल्या. बघता बघता त्यांनी तो मनगटाभोवती फिरवला, पिळला, टोक आत खोचलं आणि चुंबळ तयार केली. इतकी घट्ट आणि गोल, की मी बघतच राहिलो. ती त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली. मी नको म्हणायच्या आत कणकेची पिशवी सॅकमधून निघून चुंबळीवर बसली होती. "आता ऊठ. मान ताट. म्होरं बघ."

मी उठलो. मान ताठ केली. आणि खोटं कशाला बोलू, पाच किलो एकदम हलके झाले. पाठीवर जे ओझं होतं ते डोक्यावर नुसतं वजन राहिलं. मी दोन पायऱ्या चढलो. तेवढ्यात लिफ्ट सातव्यावर थांबली आणि दार उघडून बाहेर आले आमचे खजिनदार.

त्यांनी चुंबळ पाहिली. कणीक पाहिली. कपाळावरचा दिवा पाहिला. मग अत्यंत सभ्यपणे "चालू द्या" म्हणून ते परत लिफ्टमध्ये गेले. त्यांना सातव्यावर काय काम होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. लिफ्टचं दार मिटताना शेजारचा फलक मला वाचता आला: 'डिलिव्हरीसाठी येणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये. जिन्याचा वापर करावा.' खाली सही माझी.

आजी मात्र अजून हिशेबातच होत्या. "पैसं बी तूच देनार, चालनार बी तूच, आन् दिसनार काय बी न्हाई. कुनी फशिवलं रं तुला?" त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. कमरेची चंची सोडून त्यांनी दहाची नोट काढली आणि माझ्या मुठीत दाबली. "च्या पी. आन् त्या शेक्रेटरीला सांग, लिफटीत बसू दे म्हनावं."

मी घेतली. परत देण्यासाठी आधी मी कोण ते सांगावं लागलं असतं.

फसवणुकीचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात 'समाविष्ट' अशी एक छोटी चौकट आहे आणि 'समाविष्ट नाही' अशी एक मोठी. फोन चार्ज करणं समाविष्ट नाही. गरम पाण्याची आंघोळ नाही. वायफाय नाही. वर वर जावं तसे भाव चढतात, कारण सगळा माल याकच्या किंवा माणसाच्या पाठीवरून येतो, ते ठीकच आहे. माझी तक्रार त्या गावांबद्दल नाहीच, इथं बसून पत्रक छापणाऱ्यांबद्दल आहे. वाटेतल्या सगरमाथा (एव्हरेस्टचं नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानात शिरायला इतर परदेशी लोकांना ३,००० नेपाळी रुपये पडतात आणि सार्क देशांतल्यांना १,५००. ही सूट नेपाळ सरकारची. पत्रकात ती 'आमच्याकडून खास सवलत' म्हणून, फुग्याच्या चित्रात. आणि शेवटच्या ओळीत गाइड-पोर्टरची टिप: 'ऐच्छिक, पण अपेक्षित.' हे लग्नपत्रिकेत आहेराबद्दल छापायला हरकत नाही.

या ओळीवरून परवा मी आणि मेव्हणा फोनवर पाऊण तास बोललो. पोर्टरला किती द्यायचे, दोघांत मिळून की वेगवेगळे, त्याच्या एजन्सीनं त्याला किती दिले असतील, आणि आपण दिले नाहीत तर तो काय म्हणेल. मेव्हण्याचं म्हणणं, पहिल्या दिवशी बघू माणूस कसा आहे. माणूस कसा आहे! त्याचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. शेर्पांमध्ये पुष्कळदा जन्मवारावरून नाव ठेवतात, एवढं मी वाचलंय. सोमवारचा दावा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग. आपल्याकडेही सोमा आणि बुधा होतेच की. आमचा कुठल्या वारचा निघतो कोण जाणे. पण दर ठरवायला आम्हाला पाऊण तास पुरला नाही. आजींना गाठ सोडायला लागला तेवढाच वेळ.

आजपासून मी सरावाला बी विंगचा जिना घेतलाय. तिथं नऊच मजले आहेत, त्यामुळे बेस कॅम्प सतरा फेऱ्यांनी लांबला. चुंबळ घरी आहे. बायकोनं ती कळशीखाली घेतली होती, मी काढून सॅकमध्ये टाकली. आणि ट्रेकच्या खर्चाची वही आज सकाळी उघडली तेव्हा तिच्या अक्षरात एक नवी ओळ होती. खर्चाची दोन पानं भरलीत; जमेचा रकाना इतके दिवस कोरा होता. त्यात लिहिलं होतं: 'हमाली, १० रु.' आणि पुढे, १९९३ पासून बांधलेल्या दरानं काळजीपूर्वक गुणून, 'नेपाळी १६'.