सातवा कप्पा कोण करणार?

इंदूरकर मंडळी, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी... कचऱ्याचे सहाही कप्पे तुम्हाला झोपेत पाठ आहेत. २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर काय उगाच येतो? तेव्हा पोहे-जिलबी झाली, फ्लश ओढला, की निवांत राहा. पाण्यासोबत तुमचं इस्ट्रोजेन, म्हणजे ते बायकी हार्मोन, गेलं, जाऊ द्या. त्यासाठी सातवा कप्पा कोण करत बसणार?

आणि काका, तुम्ही हसू नका. ते पुरुषांच्या लघवीतूनही जातं, मिशीला कितीही पीळ द्या. पोटुशी बाईकडून कैक पटींनी जास्त जातं, एवढंच.

तुमचं यकृत मात्र भलतंच सोवळं. ते इस्ट्रोजेनचं गाठोडं बांधून, निरुपद्रवी करूनच बाहेर धाडतं. ते गाठोडं सोडतात गटारातले ई. कोलाय जंतू, म्हणजे तुमच्याच आतड्यातून निघालेली घरची मंडळी. तरी दोष वरच्या मजल्यावरच्यांना द्यावा.

पुढे सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतले जंतू हे सुटं इस्ट्रोजेन खातात. त्यातला इस्ट्रॅडिओल हा प्रकार पटकन जातो, पण त्याचं आधी इस्ट्रोन हे भावंड होतं आणि ते चिवट. त्याला जंतूंचा गाळ दहा-बारा दिवस तरी मुरलेला लागतो, लोणच्यासारखा. आपण तर बरणी दुसऱ्याच दिवशी उघडणारे! गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन म्हणजे लोणच्यातली कोय. कितीही मुरवा, दाताला लागणारच.

पाणी शुद्ध झालं का, ते पेल्यात धरून बघा. नितळ आहे, वास नाही? पास! सरकारी नियमही सामू, बीओडी (म्हणजे घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन), तरंगता गाळ आणि विष्ठेतले जंतू विचारतात. हार्मोनचा रकाना नाही. जिथे रकाना नाही तिथे प्रश्न नाही, हे कचेरीत जन्म काढलेल्यांना मी काय सांगणार?

मासे तेवढे नाजूक प्रकृतीचे. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्यानेच नर अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार करू लागतात. कॅनडात २००१ ते २००३ एका तळ्यात गोळीतलं इस्ट्रोजेन लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम ठेवलं, तर तिथले चिमुकले मासे जवळजवळ संपलेच. पण ते तळं पडलं. आपल्या कान्ह नदीला आपण कालपरवापर्यंत नालाच म्हणत होतो. नाल्यात कसले आलेत मासे?

कान्ह पुढे शिप्रेकडे जाते. उज्जैनला डुबकी मारताना आत्याने विचारलंच, पाणी कुठलं रे, तर बेधडक सांगा, नर्मदेचं. खोटं नाही ते. वाटेत नळातून आपल्या घरी थांबून आलंय, इतकंच.