स्पॅनिशचं 'पेक्षा' तीन ओळीत मावत नाही हो

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या ग्रुप्सवर एक फोटो फिरतोय: 'पेक्षा' म्हणजे 'के', पुढे आकडा आला की 'दे', आणि पुढे क्रियापदासकट अख्खं वाक्य आलं की डोळे मिटून 'दे लो के'. झालं, कम्पॅरिजन संपलं म्हणे. पाठ करायला सोपं आहे, पण अर्धवट आहे म्हणून लिहितेय.

पहिली ओळ ठीक. 'आना एस मास आल्ता के तू', आना तुझ्यापेक्षा उंच.

आकड्याचं अर्धंच खरं. 'तेंगो मास दे बेइन्ते एउरोस' म्हणजे वीस युरोंपेक्षा जास्त आहेत, बरोबर. पण 'नो तेंगो मास के बेइन्ते एउरोस' म्हणजे माझ्याकडे वीसच युरो आहेत, आणि तिथे नियम पाळून 'दे' घातलात तर अर्थ होतो वीसच्या वर नाहीत, कमीही असतील. आणि 'कोमे मास के कुआत्रो' बघा, चार जण खातील त्याहून जास्त हा एकटा खातो. आकडा आहे, पण ते चार खाणारे आहेत, खाल्लेल्या वस्तू नाहीत, म्हणून 'के'.

आता खरा घोळ, तिसरी ओळ. तुलना विशेषणाची, क्रियाविशेषणाची किंवा नुसत्या क्रियापदाची असेल तर 'लो' बरोबर: 'एस मास लिस्तो दे लो के पारेसे', दिसतो त्यापेक्षा हुशार आहे. पण मोजायचं ते नाम असेल आणि 'के'च्या पुढच्या वाक्यात तेच नाम गाळलेलं असेल तर आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारं 'एल', 'ला', 'लोस' वगैरे, त्या नामाचं लिंग-वचन घेतं. कमावतो त्यापेक्षा जास्त पैसे उडवतो: 'गास्ता मास दिनेरो देल के गाना' ('देल' म्हणजे 'दे' आणि 'एल' एकत्र). वाचतो त्यापेक्षा जास्त पुस्तकं घेतो: 'कोम्प्रा मास लिब्रोस दे लोस के लेए'. पाण्यावर तर भलेभले आपटतात, कारण 'एल आग्वा' म्हणतात म्हणून पुल्लिंगी वाटतं, पण शब्द स्त्रीलिंगीच आहे, तो 'एल' फक्त सुरुवातीच्या जोरदार 'आ'मुळे येतो, म्हणून 'मास आग्वा दे ला के नेसेसिता'.

मग नाम असलं की 'लो' कधीच नाही का? तसंही नाही बरं. 'तिएने मास दिनेरो दे लो के क्रेएस', तुला वाटतं त्यापेक्षा जास्त पैसा आहे त्याच्याकडे, इथे 'लो' अगदी चालतं, कारण 'वाटतं'च्या मागे गाळलेला आहे तो पैसा नाही, अख्खा अंदाज आहे.

आणि 'डोळे मिटून' तर अजिबातच नको, दोन वेगळ्या गोष्टी समोरासमोर ठेवल्या की 'के लो के' येतं: 'लो के आसेस एस मास इम्पोर्तान्ते के लो के दीसेस', तू करतोस ते तू बोलतोस त्यापेक्षा महत्त्वाचं.

बरोबरीची तुलना तर त्या फोटोत नाहीच. कमावतो तेवढं उडवतो म्हणायला 'गास्ता तान्तो कोमो गाना' पुरे, तिथे ना 'दे' ना 'लो'.